वेळ घेतली, पण गिऱ्हाईक आले नाही : सलूनच्या रिकाम्या खुर्चीचा हिशेब

जळगाव असो की धुळे, सलून चालविणाऱ्या कारागीर बांधवांशी धंद्याविषयी बोलावयास बसले की एक तक्रार हमखास ऐकू येते. गिऱ्हाईक फोन करून वेळ घेते. त्या वेळेसाठी खुर्ची राखून ठेवली जाते. दारात आलेल्या दुसऱ्या माणसाला "अर्ध्या तासाने या" असे सांगून परत पाठविले जाते आणि मग ज्याने वेळ घेतली तोच येत नाही. परत पाठविलेला माणूस तोवर समोरच्या दुकानात बसलेला असतो. दुकानदाराच्या हातून दोन गिऱ्हाइके जातात आणि कारागीर कंगवा हातात घेऊन रस्त्याकडे पाहत बसतो.

यावर दोन टोकाचे उपाय सुचविले जातात. काही म्हणतात, वेळ देणेच बंद करावे आणि पूर्वीसारखा नंबर लावावा. काही म्हणतात, प्रत्येकाकडून आगाऊ पैसे घ्यावेत. आपल्या भागातील दोन-तीन खुर्च्यांच्या दुकानाला हे दोन्ही उपाय मानवणारे नाहीत. पहिल्याने नोकरदार व तरुण गिऱ्हाईक नव्या वातानुकूलित सलूनकडे जाईल, दुसऱ्याने जुने गिऱ्हाईक दुखावेल. म्हणून वेळ चुकते कशी आणि ती कमी खर्चात कशी सांभाळता येईल, याचा नीट विचार करणे आवश्यक आहे.

नंबर आणि वेळ यांतील फरक

जुन्या गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. त्याला प्रत्येक हजामतीचे रोख पैसे मिळत नसत, तर सुगीच्या वेळी वर्षाचे बलुते धान्याच्या रूपाने मिळे. घरचा माणूस आज शेतावर निघून गेला तर त्याची हजामत उद्या होई; बलुत्यात घट येत नसे. शहरात दुकाने थाटली गेली तेव्हा बलुते गेले, रोकड आली आणि तिच्याबरोबर नंबर आला. बाकावर चार माणसे वर्तमानपत्र चाळीत बसली आहेत आणि एकेक जण खुर्चीवर जात आहे, हे दृश्य आपल्याला परिचित आहे. या पद्धतीत एखादा कंटाळून उठून गेला तरी मागचा पुढे सरकतो. वाट पाहण्याचे नुकसान गिऱ्हाइकाचे, दुकानाचे नाही.

वेळ देण्याच्या पद्धतीत हेच उलट होते. येथे वाट कारागीर पाहतो आणि नुकसान दुकानाचे होते. त्यामुळे नंबराच्या दुकानात जे चालून गेले ते वेळेच्या दुकानात चालत नाही.

आपल्याकडे ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली ती सरकारी आदेशाने. मार्च २०२० च्या टाळेबंदीत राज्यातील सर्व सलून बंद झाले. त्या वर्षी मे महिन्यात राज्य शासनाने जे भाग रेड झोन ठरविले त्यांत जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिकांची नावे होती. तीन महिन्यांहून अधिक काळ दुकानांची शटर खाली राहिली. २८ जून २०२० पासून सलून उघडण्याची परवानगी मिळाली, परंतु ती केवळ आधी वेळ घेतलेल्या गिऱ्हाइकांपुरती. कटिंग, डाय अशी कामे करता येत होती. त्वचेशी संबंधित कामांना मनाई होती. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची निर्जंतुक करणे बंधनकारक होते. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये दुकाने पुन्हा बंद झाली आणि जूनमध्ये निर्बंध टप्प्याटप्प्याने उठविले गेले, तेव्हाही अनेक जिल्ह्यांसाठी निम्म्या क्षमतेची व आगाऊ वेळेची अट होती.

निर्बंध गेले, पण फोन करून वेळ विचारण्याची सवय पुष्कळ गिऱ्हाइकांना राहिली. त्या काळात वेळ पाळली जाई, कारण तिच्यामागे सरकारी आदेश होता आणि वेळ न घेता कोणाला खुर्ची मिळत नव्हती. आता आदेश नाही. आता वेळेच्या मागे उभा आहे तो केवळ दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचा शब्द. तो शब्द दोन्ही बाजूंनी पक्का कसा करावा, एवढाच खरा प्रश्न आहे.

रिकाम्या खुर्चीचा हिशेब

एक माणूस आला नाही तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहू. यातील आकडे केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या दुकानाचे आकडे घालावेत.

समजा दुकानात दोन खुर्च्या आहेत. कटिंग व दाढी मिळून १२० रुपये होतात. प्रत्येक खुर्चीवर दिवसाला एक गिऱ्हाईक वेळ घेऊन येत नाही आणि ती जागा भरूनही निघत नाही. म्हणजे रोजचे २४० रुपये गेले. महिन्याचे २६ दिवस धरले तर ६,२४० रुपये आणि वर्षाचे ७४,८८० रुपये. दुकानाचे भाडे, वीजबिल आणि टॉवेल धुण्याचा खर्च यामुळे कमी होत नाही.

यातील अधिक गंभीर बाब पुढेच आहे. बऱ्याच सलूनमध्ये कारागीर पगारावर नसून हिश्श्यावर काम करतो. निम्मे-निम्मे ठरलेले असेल तर वरील ६,२४० रुपयांपैकी ३,१२० रुपये मालकाचे आणि उरलेले दोन कारागिरांचे, म्हणजे प्रत्येकी १,५६० रुपये बुडाले. मालकाला शेजारच्या खुर्चीची कमाई तरी मिळते. कारागिराची खुर्ची रिकामी राहिली तर त्याची त्या अर्ध्या तासाची मजुरी संपूर्ण जाते. हात चांगला असलेला तरुण कारागीर असे दोन-तीन महिने काढतो आणि मग सुरत, पुणे किंवा मुंबईचा रस्ता धरतो. त्याच्यामागे त्याचे बांधलेले गिऱ्हाईकही दुकानातून जाते. वेळ चुकण्याचा प्रश्न म्हणजे चांगला कारागीर गावात टिकवण्याचाही प्रश्न आहे, हे मालकांनी लक्षात घ्यावे.

गिऱ्हाईक का येत नाही?

वेळ चुकविणारा प्रत्येक जण बेपर्वा असतो असे नाही. कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे.

पहिले कारण विसरणे. चार दिवस आधी घेतलेली वेळ कामाच्या गडबडीत लक्षात राहत नाही.

दुसरे कारण प्रवास. धरणगाव, एरंडोल, पारोळा, साक्री, शिंदखेडा येथून येणारे गिऱ्हाईक एसटीवर अवलंबून असते. गाडी चुकली की वेळ चुकली. शेतकऱ्याची अडचण आणखी वेगळी. पंपाच्या विजेची पाळी दिवसाची की रात्रीची यावर त्याचा दिवस ठरतो. वीज आली तर तो पाणी सोडून दाढी करावयास शहरात येणार नाही. कापूस वेचणीला मजूर मिळाले त्या दिवशीही तेच.

तिसरे कारण भीड. पुष्कळांना "आज जमणार नाही" असे फोनवर सांगणे अवघड वाटते. ते गप्प राहतात आणि पुढे आठ-पंधरा दिवस दुकानासमोरून जाण्याचे टाळतात. येथे दुकानाचे एका वेळेचे नव्हे, तर कायमचे गिऱ्हाईक तुटते.

चौथे कारण दोन ठिकाणी वेळ घेणे. लग्नसराईत किंवा सणाच्या तोंडावर माणूस दोन दुकानांत विचारून ठेवतो आणि जेथे आधी जागा मिळेल तेथे बसतो.

पाचवे कारण दुकानदारांना ऐकावयास कडू वाटेल, पण सर्वांत मोठे तेच आहे. गिऱ्हाईक वेळेवर आले होते. त्याला पाचची वेळ दिली होती आणि पाच वाजता खुर्चीवर दुसराच कोणी बसला होता. "दोन मिनिटे बसा" म्हणता म्हणता पाऊण तास गेला. त्या दिवशी ते गिऱ्हाईक एक गोष्ट शिकले, की या दुकानातील पाच म्हणजे पावणेसहा. पुढच्या वेळी ते साडेपाचला निघते, किंवा निघतच नाही.

आधी दुकानाने वेळ पाळावी

म्हणून उपायांची सुरुवात दुकानापासून झाली पाहिजे. गिऱ्हाइकाला आठवणीचा संदेश पाठविण्यापूर्वी स्वतःच्या भिंतीवरील घड्याळाकडे पाहावे. ज्याला वेळ दिली आहे तो आला की पाच-दहा मिनिटांत त्याला खुर्ची मिळाली पाहिजे. ओळखीचा मोठा माणूस मध्येच आला तरी नम्रपणे सांगावे, "साहेब, या भाईंना वेळ दिलेली आहे, त्यांच्यानंतर लगेच तुमचे करतो." बाकावर बसलेले सर्वजण हे ऐकत असतात. या दुकानात दिलेली वेळ खरी असते, हे एका वाक्यात चार जणांना कळते.

उशीर होणारच असेल तर दुकानाने स्वतः फोन करावा. "दादा, थोडे काम वाढले आहे, तुम्ही पाचऐवजी साडेपाचला या," असे सांगितल्याने गिऱ्हाईक रागावत नाही. उलट ज्या दुकानाने आपल्याला फोन केला त्याला न कळविता गैरहजर राहणे त्याच्या जिवावर येते.

यासाठी कामाला लागणारा खरा वेळ माहीत असावा. बहुतेक जण अंदाजाने "वीस मिनिटे" म्हणतात. आठवडाभर प्रत्येक कामाची सुरुवात व शेवट घड्याळ पाहून वहीत लिहावा. साधी कटिंग, कटिंग-दाढी, डाय, फेशियल, लहान मुलाची कटिंग या प्रत्येकाचा वेळ निराळा निघेल. प्रत्येक कारागिराचा हातही सारखा नसतो. जो तीस मिनिटे घेतो त्याच्या खुर्चीवर वीस मिनिटांच्या अंतराने वेळा दिल्या तर दुपारपर्यंत सगळे गणित कोलमडते.

सर्वांना वेळ देऊ नये

लहान दुकानाने सगळी गिऱ्हाइके वेळेवर बोलावण्याचा हट्ट धरू नये. आपल्या शहरांत आठवडे बाजाराला, दवाखान्याला किंवा कोर्टकचेरीला आलेला माणूस जाता जाता दाढी करून जातो. त्याला वेळ विचारून परत पाठविणे म्हणजे आलेली रोकड नाकारणे होय.

दोन-तीन खुर्च्या असतील तर एक खुर्ची वेळेची आणि बाकीच्या नंबराच्या ठेवाव्यात. वेळ चुकली तर बाकावरचे गिऱ्हाईक लगेच त्या खुर्चीवर घेता येते आणि नुकसान दहा मिनिटांपुरते राहते. एकच खुर्ची असेल तर सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास वेळेसाठी ठेवून उरलेला दिवस नंबराला मोकळा ठेवता येतो. ज्या कामाला अधिक वेळ व माल लागतो, उदाहरणार्थ डाय, फेशियल, नवरदेवाची तयारी, त्यांना मात्र वेळ घेण्याची अट असावी.

फार लांबची वेळही देऊ नये. साध्या कटिंगसाठी दोन-तीन दिवसांपेक्षा पुढची वेळ दिली की ती विसरण्याची शक्यता वाढते. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला काट्यावरची वेळ न देता "अकरा ते बारा" असा तास द्यावा आणि बसमधून उतरल्यावर फोन करण्यास सांगावे.

वेळ देताना काय बोलावे

वेळ पाळली जाईल की नाही हे पुष्कळदा फोनवरील दोन वाक्यांत ठरते. अमेरिकेतील शिकागो शहरात गॉर्डन सिंक्लेअर नावाच्या गृहस्थांचे हॉटेल होते. तेथे टेबल राखून न येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. त्यांनी फोन घेणाऱ्या बाईंना एकच बदल करावयास सांगितला. "बेत बदलला तर कृपया कळवा" असे सांगण्याऐवजी "बेत बदलला तर कळवाल ना?" असे विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. न येणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर आले. सूचना कानावरून जाते, पण स्वतःच्या तोंडाने दिलेला होकार माणसाला बांधतो.

आपल्याकडेही हे सहज करता येईल. "भाऊ, उद्या सकाळी दहा वाजता तुमची खुर्ची राखून ठेवतो. जमत नसेल तर आज रात्रीपर्यंत एक फोन कराल ना?" एवढे विचारावे आणि "हो, करतो" हे ऐकून मगच फोन ठेवावा. यामुळे भिडस्त गिऱ्हाइकालाही कळते की न येण्याचा फोन केला तर दुकानदार रागावणार नाही.

दुसरा एक प्रयोग इंग्लंडमधील दवाखान्यांत झाला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला दिलेली तारीख व वेळ कर्मचाऱ्याने कार्डावर लिहून देण्याऐवजी ती रुग्णाकडूनच लिहून घेण्यात आली. एवढ्याने न येणाऱ्यांत सुमारे १८ टक्क्यांची घट झाली. सलूनमध्ये कटिंग संपल्यावर गिऱ्हाईक पैसे देते तो क्षण यासाठी योग्य आहे. "पुढची कधी?" असे विचारून वही त्याच्यापुढे सरकवावी आणि त्यालाच नाव व वेळ लिहू द्यावी. लिहिता येत नसेल तर त्याच्याकडून वेळ मोठ्याने म्हणवून घेऊन आपण लिहावी.

आठवण देण्याची रीत

विसरणाऱ्यांसाठी आठवण हा साधा आणि स्वस्त उपाय आहे. निरनिराळ्या देशांतील दवाखान्यांतील चाचण्या तपासून कॉक्रन या संस्थेने २०१३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की मोबाइलवर संदेश पाठविल्याने काहीही न पाठविण्यापेक्षा अधिक लोक येतात आणि त्याचा गुण फोन करण्याइतकाच येतो. खर्च मात्र कमी होतो.

संदेशात काय लिहावे हेही महत्त्वाचे आहे. लंडनच्या बार्ट्स हेल्थच्या रुग्णालयांत वेगवेगळे मजकूर पाठवून पाहण्यात आले आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचा संदेश मिळालेल्यांपैकी ११.१ टक्के लोक आले नाहीत. न आल्यास आरोग्यसेवेचे सुमारे १६० पौंडांचे नुकसान होते, असे ज्यांना कळविले त्यांच्यात हे प्रमाण ८.४ टक्के होते. रुग्णालय आणि सलून यांत फरक आहे, पण आपल्या न येण्याने कोणाचे तरी नुकसान होते हे कळले की माणूस विचार करतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

आपल्या दुकानासाठी संदेश असा असू शकेल : "सलाम भाई, उद्या शुक्रवार, सकाळी ९ वाजता आपली वेळ आहे. कारागीर आपल्यासाठी थांबेल. यायचे असेल तर १ लिहा, वेळ बदलायची असेल तर २ लिहा." हिंदू गिऱ्हाइकाला "नमस्कार दादा" लिहावे. संदेश आदल्या दिवशी संध्याकाळी पाठवावा, म्हणजे वेळ रिकामी झालीच तर ती दुसऱ्याला देण्यास अवधी मिळतो. व्हॉट्सॲपचे धंद्यासाठीचे ॲप २०१८ पासून मिळते. त्यात असा मजकूर एकदा तयार करून ठेवता येतो. एकाच वेळी अनेकांना पाठविण्याची सोयही आहे, पण तो संदेश ज्यांनी आपला नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून नवीन गिऱ्हाइकाला दुकानाचा नंबर तेथेच जतन करावयास सांगावे.

वयस्क गिऱ्हाइके संदेश वाचत नाहीत. त्यांना फोनच करावा. तसेच गिऱ्हाइकांचे नंबर ही दुकानाकडे ठेवलेली अमानत आहे. ते कोणा जाहिरातदाराला देऊ नयेत आणि त्यांवर रोज शुभेच्छांची चित्रेही पाठवू नयेत. दुकानाचे संदेश न वाचण्याची सवय लागली की आठवणीचा संदेशही वाया जातो.

रेल्वेसारखी वेटिंग यादी

भुसावळ-जळगावच्या लोकांना रेल्वेची वेटिंग यादी काय असते हे समजावून सांगावयास नको. कोणी तिकीट रद्द केले की यादीतील पुढच्याला जागा मिळते. हीच रीत दुकानात चालते. शुक्रवारी सकाळी किंवा रविवारी वेळ मागणाऱ्यास जागा नसेल तर सरळ नाही म्हणू नये. "जागा झाली तर फोन करू का?" असे विचारून वहीच्या मागच्या पानावर नाव व नंबर लिहून ठेवावा. जे दुकानापासून पाच-दहा मिनिटांवर राहतात किंवा ज्यांचे दुकान शेजारी आहे, त्यांच्या नावापुढे खूण करावी. ऐनवेळी खुर्ची रिकामी झाली तर तेच लगेच येऊ शकतात.

थांबण्याची मर्यादाही ठरलेली असावी. वेळेनंतर दहा मिनिटे वाट पाहून एक फोन करावा आणि पंधरा मिनिटांनी खुर्ची दुसऱ्यास द्यावी. हा नियम आरशाजवळ स्पष्ट अक्षरांत लिहून लावावा आणि सर्वांना सारखा लागू करावा. उशिरा आलेल्यास परत न पाठविता नंबरात बसवावे, म्हणजे शिस्त राहते आणि माणूसही दुखावत नाही.

इसार कोणाकडून घ्यावा?

कटिंग-दाढीच्या गिऱ्हाइकाकडून आगाऊ पैसे मागणे आपल्या शहरांत शोभणार नाही. परंतु नवरदेवाची तयारी, बरातीतील आठ-दहा जणांचे एकत्र काम, अकीक्याचे किंवा जावळाचे घरी जाऊन करावयाचे काम, यांसाठी कारागिराचा अर्धा दिवस अडकतो. अशा कामाला इसार घेणे योग्य आहे. लग्नाचा मंडपवाला, आचारी आणि बँडवाला इसार घेतातच. यूपीआयमुळे आता तो घरबसल्या देता येतो.

इसाराचे नियम आधी सांगावेत. रक्कम बिलातून वजा होईल. दोन दिवस आधी कळविल्यास तारीख बदलून मिळेल. घरात मयत किंवा आजारपण असल्यास पूर्ण परत मिळेल. दुकानाकडून चूक झाल्यासही पूर्ण परत मिळेल. शेवटचा नियम लिहिल्याशिवाय पहिले नियम न्याय्य ठरत नाहीत. घेतलेल्या रकमेतील कारागिराचा हिस्साही आधीच ठरवावा. गिऱ्हाईक न आल्याने इसार दुकानाकडे राहिला तर ज्याची मजुरी बुडाली त्याला त्याचा वाटा मिळाला पाहिजे.

चांद आणि खानदेशचे कॅलेंडर

काही दिवसांत वेळा चुकणार हे आधीच सांगता येते. त्यांत पहिला चांदरातीचा. २९ व्या रोजाला संध्याकाळी चांद दिसेल की नाही हे कोणालाच माहीत नसते. त्या रात्रीची वेळ घेतलेले गिऱ्हाईक चांद न दिसल्यास येत नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन दिवसांची गर्दी एकदम उसळते. म्हणून या रात्रीच्या वेळा तारखेवर न देता चांदावर द्याव्यात. वहीत "चांदरात, रात्री ९" असे लिहावे आणि गिऱ्हाइकाला सांगावे की चांद आज दिसला तर आज, नाही तर उद्या याच वेळेला. लहान मुलांची कटिंग ईदच्या तीन-चार दिवस आधीच उरकण्याची सवय लावली तर चांदरात हलकी होते.

बकरी ईदला गणित वेगळे असते. कुर्बानीचा इरादा असलेले अनेक जण जिलहिज्जाचा चांद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस व नखे काढीत नाहीत. त्यामुळे जिलकदच्या अखेरीस गर्दी होते, मग काही दिवस दुकान शांत असते. अशा गिऱ्हाइकांना जिलकदच्या २६ ते २८ तारखांच्या वेळा आधीच सुचवाव्यात. २९ तारखेची संध्याकाळ भरवशाची नसते.

अनेक हिंदू गिऱ्हाइके श्रावणात दाढी-कटिंग टाळतात. ठराविक वारी केस न कापणारेही पुष्कळ आहेत. अशा गिऱ्हाइकाने फोनवर घाईत वार न पाहता वेळ घेतली तर ती हटकून चुकते. म्हणून तारखेबरोबर वारही बोलून दाखवावा. आखाजीला आणि लग्नतिथींना नवरदेवांची कामे असतात, तर रमजानच्या आधी व नंतर निकाहांची गर्दी असते. या दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच वहीच्या पहिल्या पानावर असावी.

उन्हाळ्याचेही भान ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-धुळ्याचा पारा ४२-४५ अंशांपर्यंत जातो. दुपारी बारा ते चारची वेळ घेणारा ऊन पाहून घरीच राहतो. त्या महिन्यांत सकाळी लवकर दुकान उघडून आणि रात्री उशिरापर्यंत चालू ठेवून वेळा द्याव्यात. दुपार नंबरासाठी व कारागिराच्या विश्रांतीसाठी सोडावी.

वारंवार चुकविणाऱ्याचे काय करावे?

एकदा वेळ चुकली तर काही बोलू नये. दुसऱ्या दिवशी "काल वाट पाहिली, सर्व ठीक आहे ना?" असा फोन करावा. यात चौकशी आहे आणि आठवणही आहे. दुसऱ्यांदा चुकली तर वहीत नावापुढे खूण करावी. तिसऱ्यांदा वेळ मागितल्यास गोड शब्दांत सांगावे, "चाचा, तुम्ही केव्हाही या, नंबरात लगेच बसवतो." त्याला दुकान बंद नाही, फक्त राखीव खुर्ची बंद आहे. दंड आकारण्याच्या भानगडीत पडू नये. पन्नास रुपयांच्या दंडापायी घरातील चार माणसांचे गिऱ्हाईक तुटते.

सुरुवात कशी करावी?

एवढे सर्व एकदम करण्याची गरज नाही. पहिल्या महिन्यात काहीही न बदलता फक्त नोंद करावी. एका वहीत पाच रकाने आखावेत : नाव, वार व वेळ, काम, आले की नाही, आणि न येण्याचे कारण. त्याच्या शेजारी सहावा रकाना दुकानासाठी असावा : आलेल्या गिऱ्हाइकाला खुर्ची किती मिनिटांनी मिळाली. हा रकाना प्रामाणिकपणे भरावा. महिन्याच्या शेवटी कोणत्या वारी, कोणत्या तासाला आणि कोणत्या कामाच्या वेळा अधिक चुकल्या हे आपोआप दिसेल.

दुसऱ्या महिन्यात दोनच गोष्टी कराव्यात. आलेल्यास दहा मिनिटांत खुर्ची द्यावी आणि आदल्या संध्याकाळी आठवण पाठवावी. तिसऱ्या महिन्यात वेटिंग यादी सुरू करावी. दर महिन्याची चुकलेल्या वेळांची बेरीज मालक व कारागिरांनी एकत्र बसून पाहावी, कारण नुकसान दोघांचे आहे आणि फायदाही दोघांचा होणार आहे. शंभरपैकी शंभर गिऱ्हाइके कधीच येणार नाहीत. परंतु महिन्याला पन्नास वेळा चुकत असतील आणि त्या तीसवर आल्या, तर वाचलेल्या वीस वेळांत कारागिराच्या हातात पडणारी रक्कम त्याला गावातच थांबवून ठेवण्यास उपयोगी पडेल. वही आणि पेन एवढ्या भांडवलावर हे काम उद्या सकाळपासून सुरू करता येते.